अण्णांचं दुखणं

व्हाइटफील्डच्या मेट्रो स्टेशनचा जिना श्रीकांत निम्मा चढून आला होता, तेव्हा मागून कुणीतरी त्याचा दंड धरला. धरणं हलकं होतं, पण त्यात धाक होता. लहान मूल रस्त्यावर सुटलं की धरतात तसा. त्यानं वळून पाहिलं. पन्नाशीची बाई, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, चेहरा ओळखीचा, पण नाव लागेना. "वेदिकाचे बाबा ना तुम्ही? मी नीलिमा, अभिराजची आई. सप्टेंबरमध्ये एअरपोर्टवर भेटलो होतो आपण, मुलांना सोडायला आलो तेव्हा," ती म्हणाली, आणि त्याला बोलायला जागाच न देता, "अहो, जिने काय चढताय? तिकडे लिफ्ट आहे ना. डॉक्टरांनी अलाउ केलंय का तुम्हाला?" श्रीकांतला काही झालेलं नव्हतं. एकोणसाठ वर्षांचा होता, आठवड्यातून दोन दिवस होसकोट्याच्या एका फाउंड्रीत सल्ला द्यायला जायचा, परतताना कंपनीची गाडी त्याला इथवर सोडायची, आणि गुडघे वगळले तर शरीराविषयी तक्रार करावी असं काही नव्हतं. "अभिराज सांगत होता," नीलिमा आवाज खाली आणून म्हणाली. "दोन ब्लॉकेज ना? डोन्ट वरी, मी कुणाला बोललेली नाही. पण पोरगी किती टेन्शनमध्ये आहे हो. कोर्स अर्धा टाकून यायचं म्हणजे सोपं नाही. तरी येतेय ना, चौदाला. मुली येतात. मुलगे नाही यायचे." आता नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं तेही त्यासाठीच. पण आतून आलं ते भलतंच. "आता बरं आहे," तो म्हणाला. "पथ्य चालू आहे." नीलिमानं त्याला लिफ्टपाशी नेलं, आत घातलं, बटण दाबलं आणि स्वतः जिन्यानं गेली. लिफ्टच्या काचेतून ती वर चढताना दिसत होती. श्रीकांत दांड्याला धरून उभा होता. आजारी माणसासारखा उभा होता, आणि तसं उभं राहायला त्याला जराही शिकावं लागलं नव्हतं.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. खाली आयटी पार्कांच्या काचा, मध्येच शेवाळानं हिरवं झालेलं एखादं तळं, पुन्हा काचा. वेदिकाला अ‍ॅबर्डीनला जाऊन अडीच महिने होत आले होते. फोनवर ती म्हणायची, सगळं छान आहे. खोली छान आहे, प्रोफेसर छान आहेत, समुद्र छान आहे. इतकं छान श्रीकांतला खटकायला हवं होतं, निदान त्याला तरी. पण मुलीचं बरं चाललंय हे मानायला माणूस किती उतावीळ असतो. ती परत येतेय हे आज एका परक्या बाईकडून कळलं, आणि आपण आजारी आहोत हेही. त्याला राग आला नाही. असं हिला सुचलंच कसं, हा प्रश्नही पडला नाही. हे कुठून आलं ते त्याला ठाऊक होतं. ते ठाऊक असलेला दुसरा माणूस एकवीस वर्षांपूर्वी गेला होता. वेदिकाला ठाऊक होती ती घरातली गोष्ट. श्रीकांतच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, हणमंतरावांच्या छातीत कळ आली, अमेरिकेत तार गेली, आणि पोरगा शिष्यवृत्तीवर पाणी सोडून तिसऱ्या दिवशी विमानात बसला. लग्नकार्यात, मंडळाच्या कार्यक्रमात, विमान कारखान्याच्या कॉलनीत ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली होती की श्रीकांतलाही ती कधी कधी दुसऱ्या कुणाची तरी वाटायची. हैदराबादची आत्या त्याला श्रावणबाळ म्हणायची, आणि तो खाली बघायचा. लोकांना तो विनय वाटायचा. वेदिका ही गोष्ट ऐकतच वाढली. अडचणीत सापडल्यावर तिनं घरातली चांगली वस्तू काढावी तशी ती काढली, एवढंच.

मिशिगनच्या उत्तर टोकाला एक लहानसं गाव होतं. ऑगस्टमध्ये श्रीकांत तिथं शिकायला पोचला आणि ऑक्टोबरात बर्फ सुरू झाला. खोली तळघरात होती. खिडकी बाहेरच्या जमिनीला लागून, छताखाली. नोव्हेंबरात खिडकी बर्फाखाली गेली आणि भर दुपारी खोलीत निळसर उजेड पडू लागला, शाईच्या रिकाम्या बाटलीतून बघितल्यासारखा. कुणी वाईट वागलं नाही. उलट प्रोफेसरनं स्वतःचा जुना कोट दिला, घरी जेवायला बोलावलं. मार्क चांगले होते. दिवसातला पहिला शब्द त्याच्या तोंडून संध्याकाळी चारला निघायचा, दुकानातल्या बाईला थँक यू म्हणताना, आणि तो घोगरा आवाज आपलाच का, असं वाटून तो कानकोंडा व्हायचा. एकदा पावाच्या फळीसमोर तो अर्धा तास उभा राहिला. चौदा प्रकारचे पाव होते. एक उचलायचा होता. हात उठत नव्हता. भीती नव्हती, रडू नव्हतं, घराची आठवणसुद्धा धड येत नव्हती. आठवायलाही काहीतरी लागतं अंगात, तेच संपलं होतं. मग तो रिकाम्या हातानं परत आला आणि कोट न काढता पलंगावर बसला, सकाळपर्यंत. त्याचा अभ्यास धातूंचा होता. लोखंडाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवला, हलकासाच, कधीच मर्यादेबाहेर नाही, तरी एक दिवस तो किरकोळ वजनानं तुटतो. तुटेपर्यंत वरून काही दिसत नाही. त्याला थकवाच म्हणत. वर्गात फळ्यावर तसं लिहीत, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. माणसाला मात्र कारण सांगावं लागतं. त्याच्यापाशी कारण नव्हतं. घरी काय लिहायचं? आई, मला पाव उचलता येत नाही?

जानेवारीत त्यानं अण्णांना पत्र लिहिलं, त्यांच्या विमान कारखान्याच्या पत्त्यावर, म्हणजे आईच्या हाती लागणार नाही. अण्णा, मला परत यायचं आहे. कारण विचारू नका, सांगता येणार नाही. तुमची प्रकृती बरी नाही अशी तार करा. आईला कळू देऊ नका. पाकीट पेटीत टाकताना त्याला वाटलं, अण्णा तार करणार नाहीत. टूलरूममध्ये सुपरवायझर, सुताच्या फरकासाठी माल परत पाठवणारा माणूस; साधी उसनी सायकल सांगितल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी परत करणारा. पंधराव्या दिवशी तार आली. फादर सीरियस. स्टार्ट इमिजिएटली. त्या चार शब्दांनी श्रीकांतच्या अंगात जीव आला. त्याच संध्याकाळी तो दुकानात गेला आणि पाव उचलला, कोणताही. विमानातून उतरला तेव्हा न्यायला मामा आले होते. घरी अण्णा पलंगावर, आई पायाशी. तो वाकला तेव्हा अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, मायेनंही नाही. लेथवरून उतरलेलं काम मापात आहे का ते बघावं तसं. मग आईला म्हणाले, "वाढ त्याला. वाळलाय." आई आत गेल्यावर हळूच, "पत्र भट्टीत टाकलं. आता ह्यावर बोलायचं नाही. सरी?" तोही कानडीतच, बरं अशा अर्थानं, म्हणाला, सरी.

दोघांच्या मनात आठ-पंधरा दिवसांचंच होतं. अण्णा पडून राहणार, मग उठणार, मग बरं वाटतंय म्हणणार. पण दुखणं एकदा घरात घेतलं की पाहुण्यासारखं निघत नाही. छातीत दुखतं म्हटल्यावर कोणता डॉक्टर नाही म्हणेल? ईसीजीची पट्टी साफ आली तरी शिवाजीनगरच्या डॉक्टरांनी मीठ बंद, दगदग बंद, जिने कमी असं लिहून दिलं. आईनं लोणच्याची बरणी शेजारी दिली. अण्णा कारखान्याच्या संघातून बॉल बॅडमिंटन खेळत, त्रेपन्नाव्या वर्षीसुद्धा; त्यांची बॅट आईनं पुतण्याला देऊन टाकली. कारखान्यानं दयेनं त्यांना टूलरूममधून काढून स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं. एवढ्या लोकांनी एवढं केल्यावर बरं तरी कसं व्हायचं? अण्णा जिन्यात मधल्या पायरीवर थांबायला लागले, श्वास घ्यायला. आधी कुणी बघत असलं तर. मग कुणी नसतानाही. श्रीकांतला नोकरी लागली, लग्न झालं, आणि अण्णा छातीवर हात ठेवून खुर्चीत बसलेले दिसले की ते आता खरं आहे की खोटं, हे त्यालाही कळेनासं झालं. विचारायची सोय नव्हती. सरी म्हटलं होतं. शेवटी अण्णा काविळीनं गेले. त्याआधी आठ दिवस दवाखान्यात होते. एक तरुण डॉक्टर सगळे कागद बघून हसत म्हणाला, "हार्ट सूपर इदे, सर," हृदय एकदम ठणठणीत आहे यांचं. खोलीत दोघंच उरले. अण्णा छताकडे बघत होते. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, एव्हाना खरंच झालं असेल." त्या आवाजात तक्रार नव्हती. थोडं आश्चर्य होतं.

गाडी बैयप्पनहळ्ळीला थांबली. तो उतरला, सवयीनं जिन्याकडे वळला, मध्येच थबकला, मग चिडून जिन्यानंच गेला. बाहेर रिक्षावाला विमानपुऱ्याला यायला तयार नव्हता, मग झाला. "स्वल्प जास्ती कोडी, सर," थोडे जास्त द्या, म्हणाला; श्रीकांतनं मान हलवली. वाटेत त्याच्या मनात एकच हिशेब चालू होता. त्यानं काही बोलायचंच नाही ठरवलं, तर किती सोपं आहे. चौदाला वेदिका येईल. तो थोडे दिवस घरात बसेल. बायकोला, सुलभाला, सांगावं लागेल, पण मुलीसाठी सुलभा काहीही करील. मंडळात लोक म्हणतील, बघा, बापावर गेली. पुढं वेदिका नोकरी करील, लग्न करील, आणि कुणी तिचं कौतुक केलं की खाली बघेल. अण्णांनी केलं ते त्यालाही करता येईल. चांगला बाप असंच करतो. मग छातीत हे दडपल्यासारखं का होतंय? आणि लगेच त्याला हसू आलं, कारण त्यानं खरंच छातीवर हात ठेवलेला होता.

सुलभा स्वयंपाकघरात टेबलापाशी अवरेकाईच्या शेंगा सोलत बसली होती. निपाणीहून लग्न होऊन आली तेव्हा तिला ह्या शेंगा ठाऊक नव्हत्या. आता थंडी पडली की तिच्या बोटांना त्यांचा वास लागलेला असायचा. "वेदीचा मेसेज होता," ती म्हणाली. "साडेसहाला फोन करते म्हणाली. आणि विचारत होती, बाबा दमतात का. मी लिहिलं, दमायला काय झालंय त्यांना." सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. श्रीकांत तिच्यासमोर बसला आणि त्यानं नीलिमा भेटल्याचं सांगितलं. सुलभाचे हात थांबले. "तुम्हाला ब्लॉकेज? आणि तुम्ही हो म्हणालात?" "हो." "का पण? आणि ती परत का येतेय? तिथं काही झालंय का तिला?" ती फोनकडे हात नेत होती. "थांब," तो म्हणाला. "तिला काही झालेलं नाही. मला जे झालं होतं तेच झालं असणार. आधी तुला एक सांगायचंय."

सांगायला फार वेळ लागला नाही. चौतीस वर्षं त्याला वाटत होतं, हे बोलायला लागलं तर संपायचं नाही. पाच मिनिटांत संपलं. सुलभानं एक शेंग उचलली, सोलली, दाणे भांड्यात टाकले.

"म्हणजे मी लग्न होऊन आले तेव्हा अण्णा बरे होते."

"ठणठणीत होते."

"आईंना ठाऊक होतं?"

"नाही. कुणालाच नव्हतं."

"अकरा वर्षं मी त्यांची आमटी वेगळी काढली," सुलभा म्हणाली. "फोडणीआधी. रोज. कुठं गावाला गेले तर शेजारच्या हेमलताअक्कांना सांगून जायची, अण्णांचं बिनमिठाचं बघा म्हणून. एकदा चुकून मिठाची आमटी त्यांच्या पानात गेली. आठवतं? नसेल. मी दुपारभर त्यांच्या खोलीच्या दाराशी बसून होते, श्वास ऐकत. वेदी तेव्हा पोटात होती. वाटत होतं, मी मारलं त्यांना. आणि संध्याकाळी उठून ते मला म्हणाले, आज आमटी छान झाली होती. मला वाटलं, चूक माझी, आणि किती मोठ्या मनानं झाकतात. मी आत जाऊन रडले." तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "त्यांना नुसती आवडली होती."

श्रीकांतला म्हणायचं होतं, माझं चुकलं. पण ते इतकं लहान होतं की त्यानं तोंडातून काढलं नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता. सुलभा उठली, हात धुतले, हातांना साबण लावून पुन्हा धुतले, आणि परत येऊन बसली. पाठ ताठ होती. साडेसहाला फोन वाजला तेव्हा तिनंच तो घेतला, स्पीकरवर टाकला आणि त्याच्यापुढं सरकवला.

"बाबा, आज होसकोटेला गेला होतात का? दमला नाहीत ना?" तिच्यामागं समुद्रपक्षी ओरडत होते, भांडल्यासारखे.

"वेदी, मला आज अभिराजची आई भेटली."

पक्षी तेवढे ओरडत राहिले.

"मी तिला हो म्हणालो," श्रीकांत म्हणाला. "तू खोटी पडू नयेस म्हणून."

"सॉरी, बाबा." मग घाईघाईनं, "मी आज सांगणारच होते. मला दुसरं काही सुचलं नाही. राहवत नाही म्हटलं की सगळे विचारतात, का. मार्क बरे आहेत, खोली चांगली आहे, कुणी त्रास देत नाही, मग का? तुम्हीपण आजोबांसाठी आलाच होतात. ते कुणालाही पटतं."

"मी आजोबांसाठी आलो नव्हतो."

आणि त्यानं दुसऱ्यांदा सांगितलं. ह्या वेळी पावाचंही सांगितलं; ते सुलभाला सांगायचं राहून गेलं होतं. ती टेबलाच्या कडेवर अंगठा फिरवत ऐकत होती. शेवटी वेदिका म्हणाली, "आजोबांना काहीच झालं नव्हतं?"

"नाही."

"मग ते पथ्य? ते जिन्यात थांबणं?"

"तेरा वर्षं केलं त्यांनी."

"मी तुम्हाला इतके दिवस नसतं झोपवलं हो," वेदिका म्हणाली. हसायचा प्रयत्न होता तो. "पंधरा दिवसांत बरं केलं असतं."

"आमचंही तेच ठरलं होतं."

मग तिकडून वेगळाच, खालचा आवाज आला, लहानपणी ताप चढला की लागायचा तसा. "बाबा, मी खोलीत नसतेच. इथं खाली कपडे धुवायची खोली आहे, तिथं बसते. तिथं ऊब असते, आणि मशीनचा आवाज असतो. लोकांना वाटतं, माझे कपडे लागलेत. कधी कधी मी रिकामंच मशीन लावते." श्रीकांतनं डोळे मिटले. त्याला ती खोली दिसली, तिथला ओला कोमट वास आला, आणि आपल्या पोरीला त्यानंच तिथं नेऊन बसवलं आहे असं वाटलं, एक गोष्ट सांगून, किंवा न सांगून.

"चौदालाच ये," तो म्हणाला. "तिकीट बदलू नकोस. पण तिथं सगळ्यांना सांग की माझे वडील बरे आहेत. कॉलेजला सांग, अभिराजला सांग. नीलिमाबाईंना मी उद्या फोन करतो."

"आणि का परत चाललीस म्हणाले तर?"

"राहवत नाही म्हण."

"एवढंच?"

"एवढंच आहे ना?"

"ते कुणाला पुरत नाही, बाबा."

त्याला स्वतःलाही ते चौतीस वर्षं पुरलं नव्हतं. सुलभानं हात पुढं करून फोन आपल्याकडे ओढला.

"मला पुरतं," ती म्हणाली. "ये तू."

पलीकडे वेदिका रडायला लागली. सुलभानं तिला रडू दिलं. मध्ये एकदा विचारलं, जेवलीस का, आणि एकदा, तिथं आत्ता ऊन आहे का. ऊन नव्हतं. मग तिनं जाडे कपडे तिथंच कुणाला तरी देऊन टाक म्हणून सांगितलं, उगाच वजन नको, आणि फोन ठेवला. बाहेर अंधारून आलं होतं. दिवा लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही. श्रीकांतला हलकं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटत नव्हतं. खूप लांबचं चालून आल्यावर बूट काढावेत आणि पायांना आपला आकार आठवू नये, तसं काहीतरी होतं. एक मात्र त्याच्या ध्यानात आलं. समोर बसलेल्या ह्या बाईच्या मनात आत्ता काय चाललंय, ह्याचा त्याला काही अंदाज नव्हता. संसाराच्या बत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, किंवा झालं असेल आणि त्याला कळलं नसेल.

"मला अण्णांशी भांडायचंय," सुलभा म्हणाली. "आणि ते नाहीत. तुम्ही आहात."

"मग भांड."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. अंधारात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. हात मांडीवर होते, तळवे वर, रिकामे.

"आज नको," ती म्हणाली. "आज मी दमलेय."

का, असं त्यानं विचारलं नाही.